जागरातला चरचराट

१

सुभानराव जगदाळ्यांचा आवाज कुणीतरी मोडून टाकलाय आणि मोडणारा घरातलाच आहे, असं त्यांची मुलगी मिताली आमच्याकडे येऊन सांगत होती, तेव्हा मी शेव-उसळ खात होतो. ती रडत होती आणि मी चमचा खाली ठेवू की नको या पेचात होतो. शेवटी ठेवला. मला शहाणपण येतं, फक्त जरा उशिरा येतं.

मी विश्राम. रिफायनरीतून निवृत्त झालो आणि तेव्हापासून बायकोची बॅग उचलतो. बायको नलिनी. तिची सगळी नोकरी रेडिओवर ध्वनिमुद्रणात गेली. आता रावपुऱ्यातल्या आमच्या घरी लोक बिघडलेले आवाज घेऊन येतात. मंडळाचा स्पीकर शिट्टी मारतो, लग्नाच्या हॉलमधला माइक मध्येच मुका होतो, सगळे नलिनीकडे. ती कान देते, चार प्रश्न विचारते आणि समोरच्याला रडवून किंवा हसवून परत पाठवते. मी चहा करतो. घरात माझं वजन तेवढंच आहे.

"नीट सांग," नलिनी म्हणाली. "पहिल्यापासून."

मितालीने सांगितलं. जगदाळे घराणं जुन्या संस्थानच्या फौजेतलं. पूर्वज बडोद्याला आले ते देव्हाऱ्यात खंडोबा आणि तोंडात जागराची पदं घेऊन. ही पदं कुठे लिहिलेली नाहीत. बाप गातो, मुलगा ऐकतो, असंच चालत आलं. आता ती येतात फक्त सुभानरावांना. आणि या उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल.

मिताली कॉम्प्युटरवर संगीत करते. गरब्याचे ट्रॅक, दुकानांच्या जाहिराती, असलं काय काय. तिने ऑपरेशनच्या आधी घरीच तीन बैठकांत आबांची सगळी पदं रेकॉर्ड करून घेतली. मग ऑपरेशन झालं. सुभानराव वाचले, आवाज गेला.

"पहिली बैठक स्वच्छ आहे, काकू, त्याच रात्री ऐकली होती. दुसऱ्या-तिसऱ्यात नुसता चरचराट. तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा. कॉम्प्युटरवर किती ताण आहे ते दाखवणारी एक पट्टी असते. ती चढत चढत लाल होते आणि आवाज तुटायला लागतो."

"ताणाने आवाज कसा तुटतो?" मी विचारलं.

"काका, कॉम्प्युटर आवाज तुकड्यातुकड्यांनी पुढे देतो. एक तुकडा वाजून संपायच्या आत पुढचा तयार लागतो. झाला नाही, की मध्ये भोक पडतं."

"पंगतीत वाढपी मागे पडला की पान रिकामं राहतं, तसं," नलिनीने मला समजेल असं सांगितलं.

"हे रणवीरने केलंय," मिताली म्हणाली. रणवीर तिचा धाकटा भाऊ. "माझ्या मशीनवर त्याने कुठून तरी चोरीचा इफेक्ट आणून टाकला. तेव्हापासून हे सुरू झालं. आबा आता कधीच गाणार नाहीत, काकू. आणि जे होतं ते या गाढवाने घालवलं. मी त्याच्याशी बोलतच नाही."

नलिनीने तिला पाणी दिलं आणि भलताच प्रश्न विचारला. "पहिली बैठक स्वच्छ आहे म्हणतेस. गाणं कसं झालंय तिच्यात?"

मितालीने पेला खाली ठेवला. "त्या दिवशी आबांचं काही जमेना. सूर सारखा उतरत होता. कधीच उतरत नाही हो त्यांचा."

नलिनी उठली आणि चप्पल पायात सरकवली. "अहो, बॅग घ्या."

२

दांडिया बाजारातलं जगदाळ्यांचं घर म्हणजे साड्यांच्या एका दुकानावरचा मजला. दार येसूबाईंनी उघडलं. मितालीची आई. बाई कमी बोलणारी, पण पाहुण्याचा हात रिकामा राहिला तर कासावीस होणारी. बसायच्या आत माझ्या हातात पन्ह्याचा पेला होता.

सुभानराव खुर्चीत बसले होते. गळ्याभोवती मऊ पंचा, मांडीवर पाटी आणि खडू. काही वर्षांपूर्वी मी त्यांना देवळात गाताना ऐकलं होतं, खांब दणाणत होते. आता ते आम्हाला बघून हसले आणि त्या हसण्याला आवाज नव्हता. मी पन्हं पीत राहिलो.

त्यांनी पाटीवर लिहिलं, "या नलिनीताई." मग ते पुसून दुसरं लिहिलं आणि मितालीला दिसणार नाही अशी पाटी आमच्याकडे फिरवली. "माझा गेला तो गेला. ही दोघं बोलत नाहीत. तेवढं करा."

नलिनीने मान डोलावली.

रेकॉर्डिंगची खोली मागची. मधोमध एक रुंद टेबल. अलीकडे मितालीची खुर्ची, स्क्रीन, कीबोर्ड. टेबलाच्या पलीकडे, जमिनीवर, कॉम्प्युटरचा डबा. तारा पुरत नव्हत्या म्हणून तिकडे. त्याच बाजूला सुभानराव पाटावर बसून गात आणि शेजारी चटईवर येसूबाई दिमडी घेऊन बसत. दिमडी म्हणजे छोटा डफ, जागराचं मुख्य वाद्य. त्या घरात पुरुष गातात आणि बाया दिमडी धरतात, ही पिढ्यांची वहिवाट.

"तू रेकॉर्ड करताना आई-आबा तुला दिसत होते?" नलिनीने विचारलं.

"आबांचं डोकं दिसायचं. बाकी मी हेडफोन लावून स्क्रीनकडे बघत असते."

मी येसूबाईंच्या चटईवर बसून घेतलं. हाताशीच तो डबा होता. त्याच्या माथ्यावर आणि मागच्या जाळीवर पिवळी पूड बसलेली.

"दसऱ्याला पूजा केलेली दिसते," मी म्हणालो.

"करतो नी दर वर्षी," मिताली म्हणाली. "फुलं, कुंकू, सगळं."

थोड्या वेळाने उठलो तर माझ्या पांढऱ्या लेंग्याला काळे बारीक केस चिकटलेले. मी झटकत म्हणालो, "मांजर पाळलंय वाटतं?"

"नाही हो," येसूबाई म्हणाल्या. "ह्यांना मांजर खपत नाही."

नलिनी माझ्या लेंग्याकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिली. मला वाटलं, इस्त्री केली नाही म्हणून घरी गेल्यावर ऐकावं लागणार.

मितालीने दुसऱ्या बैठकीतलं एक पद लावलं. दिमडीची थाप पडली आणि सुभानरावांचा आवाज खोलीत आला.

"देवा, तुझा घोडा पाणी पितो विश्वामित्रीला..."

जेजुरीच्या देवाचा घोडा बडोद्याच्या नदीवर पाणी पितोय. कुणा जगदाळ्या शिपायाने घर सोडून इतक्या लांब आल्यावर हे रचलं असणार. माझ्या अंगावर काटा आला. आणि तेवढ्यात स्क्रीनवरची ती पट्टी हिरवीची पिवळी आणि पिवळीची लाल झाली, आणि आवाजाच्या चिंध्या उडाल्या. मितालीने झटक्यात बंद केलं.

"मला ऐकवत नाही," ती म्हणाली.

"ही बिघडलेली रेकॉर्डिंगं पूर्ण किती वेळा ऐकलीस?"

"एकदाही नाही. कुणाला पाठवली पण नाहीत. अशी कशी पाठवू?"

"पद सुरू झाल्यापासून आत काही वाढलं का? इफेक्ट, वाद्यं?"

"काहीच नाही. पहिल्यापासून तेच."

"म्हणजे काम तेवढंच आहे आणि ताण मात्र वाढतोय," नलिनी म्हणाली. "ओझं वाढलेलं नाही, मिताली. ओझं उचलणारा थकतोय. रणवीर कुठे आहे?"

३

रणवीर गच्चीत होता. लग्नाच्या व्हिडिओंचं काम करणारा हा मुलगा एरवी वाचाळ. आज नलिनीसमोर तो पाण्याच्या टाकीला टेकून जमिनीकडे बघत उभा होता.

"तो इफेक्ट मी टाकला, काकी. हो. फुकट मिळत होता ने. वाटलं, ताईला आवडेल."

"मग?"

"ती ओरडली त्याच दिवशी काढून टाकला. मुळासकट. तरी चरचराट तसाच आहे."

"हे तिला सांगितलंस?"

"कसं सांगू? ती माझ्याकडे बघत पण नाही."

"आईला सांगायचंस. आबांना सांगायचंस." नलिनीचा आवाज चढला. "चूक तुझी नाही तर गप्प का बसलास?"

रणवीरने वर पाहिलं तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. "मला तरी कुठे खात्री आहे, काकी? आत काहीतरी बिघडवून गेला असेल तो इफेक्ट. आबांचा आवाज माझ्यामुळे गेला असेल तर? मग कुठल्या तोंडाने सांगू की मी नाही केलं?"

नलिनी कडक बाई आहे, पण तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मीही ठेवला. पाठ लहान पडली म्हणून मी आपला काढून घेतला.

खाली आलो तर मितालीचा मित्र निहार येऊन बसला होता. माइकची तार ज्या छोट्या पेटीत जाते, आणि तिथून कॉम्प्युटरमध्ये, ती पेटी त्याने मितालीला जुनी विकलेली. त्याचं साऊंडचं दुकान आहे. मितालीचा दुसरा संशय त्याच्यावर होता आणि त्याला ते ठाऊक होतं, त्यामुळे स्वारी जरा फुगलेली.

"काकी, पेटी साव सारी छे," तो आल्या आल्या म्हणाला, मग मराठीवर आला. "पेटी एकदम चांगली आहे. माझं नाव कशाला खराब करता?"

"तापू नकोस, बघूया." नलिनीने पेटीची तार उपटली आणि मितालीला कॉम्प्युटरच्या स्वतःच्या स्पीकरवर पद लावायला सांगितलं. थोड्याच वेळात पट्टी लाल, चरचराट सुरू. पेटी बाजूला टेबलावर पडलेली.

"सुटलास," नलिनी म्हणाली. निहारने मोठा श्वास सोडला.

"अने बीजूं, दुसरं पण सांगू?" तो खुशीत येऊन म्हणाला. "चरचराट सुरू झाल्यावर हे अख्खं मशीन मी माझ्या दुकानात नेऊन दिवसभर चालवलं होतं. मोठा गरबा लावला, ढीगभर इफेक्ट टाकले. एकदा पण चरचरलं नाही."

"दुकानात एसी आहे?"

"हो ने. एकदम गार."

"डबा उघडून पाहिलास?"

"कशाला? बरोबर चालत होतं."

नलिनीने डबा उघडायला लावेल असं मला वाटलं. तिने उलट हेडफोन मागवले. स्वतःसाठी नाही, माझ्या डोक्यावर घालायला.

४

"पहिल्या बैठकीतलं ऐका," नलिनी म्हणाली. "गाणं नाही. दोन ओळींच्या मधली जागा. काय ऐकू येतं?"

मी डोळे मिटले. "घूं... असं काहीतरी. बंद खोलीत भुंगा असावा तसं."

"आता दुसऱ्या बैठकीतलं. सुरुवातीची जागा, तुटायच्या आधीची."

मी ऐकलं. दिमडीची थाप, सुभानरावांचा श्वास, पुन्हा थाप. "काही नाही."

"काय नाही?"

"अगं, काही नाही म्हणजे काही नाही. भुंगा गेला."

मितालीने हेडफोन माझ्या डोक्यावरून ओढून स्वतःच्या कानाला लावले. "हा मशीनच्या पंख्याचा आवाज आहे, काकू. दुसऱ्या दिवशी मी माइक आबांच्या जवळ घेतला होता. म्हणून गेला असेल."

"माइक आबांच्या जवळ घेतलास तर दिमडीपासून लांब गेला ना? मग दिमडीही मागे जायला हवी. ती आहे तेवढीच आहे. आणि जवळ घेतल्याने घरघर कमी होते, पार नाहीशी होत नाही." नलिनी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "भर उन्हाळा. पट्टी लाल, म्हणजे मशीन जिवाच्या आकांताने काम करतंय. अशा वेळी पंखा ओरडायला हवा. तो गप्प कसा?"

दारात येसूबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या आत न येता तिथेच थांबल्या.

"आता एक काम कर," नलिनी मितालीला म्हणाली. "ते विश्वामित्रीचं पद पूर्ण लाव. मध्ये बंद करायचं नाही."

"काकू, नको ना."

"रडलीस तरी चालेल. बंद करायचं नाही. अहो, जिथे तुटेल तो शब्द मोठ्याने म्हणा."

पद सुरू झालं. मिताली ओठ चावून बसली. मी भर खोलीत कीर्तनातल्या टाळकऱ्यासारखा ओरडत होतो. "विश्वामित्री! ... खोगीर! ... भंडारा!"

"पुन्हा," नलिनी म्हणाली.

पुन्हा तेच पद. मी तयारीत बसलो होतो. विश्वामित्री आली आणि नितळ गेली. खोगीर गेलं. मी तोंड उघडून तसाच राहिलो. मग भलत्याच ठिकाणी, "उगवती"वर, आवाज फाटला. मग "लगाम"वर.

मितालीच्या ते माझ्या आधी लक्षात आलं. ती खुर्चीतून अर्धी उठली.

"जखम शरीरावर असेल तर जागा बदलत नाही," नलिनी म्हणाली. "प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी तुटतंय, म्हणजे रेकॉर्ड झालेल्या आवाजात तो चरचराट नाहीच. वाजवताना मशीनला दम लागतो, तेव्हा तो तयार होतो."

"पण मी रेकॉर्ड करताना सुद्धा ऐकला होता! हेडफोनमध्ये!"

"हेडफोनमध्ये तू आबांचा आवाज इफेक्ट लावून ऐकत होतीस का?"

"हो. घुमारा लावला होता. मागे तंबोरे पण."

"ते सगळं जड काम. त्यात मशीन धापा टाकत होतं. पण आबांचा कोरा आवाज उतरवून घेणं हलकं काम, ते त्याने बहुतेक निभावलं असणार."

मितालीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "म्हणजे आबा आत आहेत?"

"आहेत असं वाटतंय. पण मशीनचा गळा कुणी दाबला ते कळल्याशिवाय बाहेर काढता येणार नाहीत." नलिनीने दाराकडे पाहून हाक मारली. "रणवीर, पेचकस आण. आणि सगळे इथे या."

५

रणवीरने डब्याची बाजू उघडली आणि तो "अरे बाप रे" म्हणून मागे सरला.

आतला पंखा दिसतच नव्हता. त्याच्या पात्यांवर, मागच्या धातूच्या पट्ट्यांवर काळ्या केसांचा जाड थर बसला होता. त्यात पिवळी पूड अडकलेली. नलिनीने चिमटीत थोडं घेऊन हुंगलं.

"हळद. पण दसऱ्याची नाही. कुंकवाचा एक कण नाही यात, आणि मिताली म्हणाली की कुंकू वाहतात. हा नुसता भंडारा आहे, खंडोबाचा." मग ती माझ्याकडे वळली. "ह्यांच्या लेंग्याला या डब्याच्या बाजूच्या चटईवर काळे केस चिकटले. घरात मांजर नाही. ही लोकर आहे. बडोद्याच्या उन्हाळ्यात, जिथे अंगावर सदरा नकोसा होतो, तिथे या खोलीत लोकर कशाला आली? आणि लोकरीत भंडारा कुठला मुरलेला असतो?"

देव्हारा समोरच्या खोलीत होता. दारातून दिसत होता. खंडोबाच्या टाकाखाली, चौपदरी घडी घालून ठेवलेली काळी घोंगडी.

"पंखा गप्प नव्हता," नलिनी म्हणाली. "तो पांघरुणाखाली ओरडत होता. गाणं सुरू व्हायच्या आधी कुणीतरी या डब्यावर घोंगडी टाकत होतं आणि संपल्यावर काढून घेत होतं. आत गरम हवा कोंडली, मशीनचा वेग पडला, आणि श्वास घेताना त्याने लोकर ओढून घेतली. तीच आता पंख्यात अडकलीय, म्हणून घोंगडी नसतानाही ते तापतं. निहारच्या दुकानात चाललं, कारण तिथली हवाच गार. मितालीला काही दिसलं नाही, ती टेबलाच्या पलीकडे स्क्रीनकडे बघत होती. सुभानराव गाताना डोळे मिटतात. मग राहिलं कोण?"

ट्रेवरचे कप किणकिणले. येसूबाईंनी तो हळूच खाली ठेवला.

"मीच टाकत होते," त्या म्हणाल्या.

"आमच्यात जागराला देवापुढे दुसरा आवाज चालत नाही. सासूबाई शिलाईमशीन झाकायच्या, भिंतीवरचं घड्याळ झाकायच्या. देवाच्या घोंगडीने. पहिल्या दिवशी त्या डब्याची घरघर चालली होती आणि हे सारखे कानाला हात लावत होते. मी बघत होते ना. पण पोरीने एवढं मांडून ठेवलेलं, तिला वाईट वाटेल म्हणून हे बोलेनात. मला वाटलं, झाकून टाकावं. तुम्हा मुलांना सांगितलं असतं तर हसला असता." त्यांनी पदर बोटाला गुंडाळला. "म्हणजे ह्यांचा आवाज मीच..."

रणवीर आईजवळ जाऊन उभा राहिला. मिताली जागची हलली नाही, तिचा चेहरा पांढरा पडला होता. महिनाभर जपून ठेवलेला राग आता कुणावर काढायचा, हे तिला कळत नव्हतं. सुभानराव खुर्चीत पुढे झुकले आणि खडू शोधू लागले. त्या क्षणी मला नलिनीचा राग आला. कोडं सोडवायचं म्हणून या बाईला असं सगळ्यांसमोर उभं करायला नको होतं.

"थांबा," नलिनी म्हणाली. "माझं बोलणं संपलेलं नाही. मिताली, पहिल्या बैठकीतली एक ओळ लाव. आणि लगेच दुसऱ्या बैठकीतली, तुटायच्या आधीची."

मितालीने लावल्या. पहिल्यात भुंगा घूं घूं करत होता, आणि सुभानरावांचा सूर त्याच्याकडे किंचित खाली घसरत होता. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण ती ओळ ऐकताना पाय अडखळल्यासारखं वाटलं. दुसऱ्या ओळीत भुंगा नव्हता. सूर सरळ उभा होता.

"पंख्याचा आवाज सुभानरावांच्या षड्जाच्या अगदी जवळ आहे, पण थोडा खाली," नलिनी म्हणाली. "ज्याचा कान तयार, त्यालाच असा आवाज खाली ओढतो. घोंगडी टाकली नसती, तर मिताली, तुझ्याकडे तिन्ही बैठका स्वच्छ असत्या आणि तिन्ही बेसूर असत्या. तुझ्या आबांचं शेवटचं गाणं तसं राहिलं असतं. मशीनला त्रास झाला, ते खरं. पण आबा जे गायले ते येसूबाईंमुळे गायले."

मिताली उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. येसूबाई तिच्या केसांवरून हात फिरवत "बास ग, बास" म्हणत होत्या, आणि स्वतःही रडत होत्या.

६

साफसफाई रणवीरने केली. रंगाचा एक कोरा ब्रश आणि जुन्या टूथब्रशने तो लोकर उचकटत होता. निहार वर्तमानपत्र धरून खाली बसला होता. मिताली टॉर्च दाखवत होती.

"अरे, डाव्या कोपऱ्यात राहिलंय बघ," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "रणू, सॉरी."

"चाल नी, टॉर्च नीट धर," रणू म्हणाला.

सुभानरावांनी हे ऐकलं. त्यांनी पाटी बाजूला ठेवली आणि खुर्चीला पाठ टेकली. मी आल्यापासून पहिल्यांदाच.

मग डबा दाराबाहेर पॅसेजमध्ये नेऊन ठेवला. निहार स्कूटरवरून जाऊन लांब तारा घेऊन आला. पहिल्याच दिवशी हे करायला हवं होतं असं मिताली म्हणाली, आणि रणवीरने कधी नव्हे ते तोंड आवरलं.

पद लावलं. पट्टी हिरवी, हिरवीच राहिली. देवाचा घोडा आला, विश्वामित्रीवर वाकला, पाणी प्यायला, आणि कुठे एक ओरखडा नाही. एकामागून एक पदं वाजत गेली. सुभानराव स्वतःचा आवाज ऐकत होते. जिथे श्वास घेतला होता, तिथे त्यांची छाती वर यायची. मी खिडकीतून खाली साड्यांचं दुकान बघत उभा राहिलो, कारण माझे डोळे कुणी बघावेत असं मला वाटत नव्हतं.

शेवटचं पद निरोपाचं. जागर संपतो, देव घोड्यावर बसतो. त्याच्या शेवटच्या ओळीत, अगदी टोकाला, आवाज तुटला आणि एक अख्खा शब्द नाहीसा झाला. मितालीने पुन्हा लावलं. त्याच जागी तुटला. तिसऱ्यांदा, त्याच जागी.

"ही खरी जखम आहे," नलिनी हळू म्हणाली. "शेवटी शेवटी मशीनला तेवढंही झेपलं नसणार. हे भरून येणार नाही."

मितालीने चौथ्यांदा लावलं, उगाच, आशेने. ओळ आली, शब्द नाहीसा झाला, आणि त्या भोकात कुणीतरी तो शब्द म्हटला. सुरात. गुडघ्यावर बोटांनी थाप देत, डोळे मिटून, येसूबाईंनी.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डोळे उघडले आणि लाजून पदर सावरला. लग्न होऊन आल्यापासून त्या प्रत्येक जागराला दिमडी घेऊन नवऱ्याशेजारी बसल्या होत्या. पदं कुठे लिहिलेली नाहीत, सुभानरावांशिवाय कुणाला येत नाहीत, असं ते सगळं घर धरून चाललं होतं. येसूबाईंना कुणी विचारलंच नव्हतं.

"आई, तुला हे पद येतं?" मितालीने विचारलं.

"सगळीच येतात ग. ऐकून ऐकून."

"मग हे तू म्हण. पूर्ण. मी आत्ता रेकॉर्ड करते."

"मी? छे! आमच्यात बाया म्हणत नाहीत. आणि ह्यांच्यासमोर?" त्या नवऱ्याकडे बघायलाही तयार नव्हत्या.

सुभानरावांनी पाटी घेतली. एकदा लिहून पुसलं, पुन्हा लिहिलं. मग त्यांनी पाटी तिच्याकडे फिरवली.

"तू म्हण. दिमडी मी धरतो."

येसूबाईंनी ते दोनदा वाचलं. मग खुंटीवरची दिमडी काढली, पदराने पुसली आणि त्यांच्या हातात दिली. पाटावर बसायच्या आधी त्या सवयीने देव्हाऱ्याकडे वळल्या, पण रणवीर आधीच पोचला होता. घोंगडी काखेत घट्ट धरून तो देवासमोर उभा होता.

मितालीने माइक आईच्या उंचीला आणला. सुभानरावांनी पहिली थाप दिली. ती चुकली. येसूबाईंनी मानेनेच "नाही" केलं, गुडघ्यावर बोटांनी ठेका दाखवला, आणि ते पुन्हा सुरुवातीपासून वाजवायला लागले. नलिनीने माझा हात धरला. मग येसूबाईंनी डोळे मिटले आणि सूर लावला.